सोव्हिन्यॉन की शेनिन? बाटली फ्रीजमधून काढल्या काढल्या ठरवू नका

नाशिकची व्हाईट वाईन घरी आणली की बहुतेक वेळा ती या दोघींपैकी एक असते : सोव्हिन्यॉन ब्लांक नाहीतर शेनिन ब्लांक. रंग दोन्हींचा फिकट, फ्रान्समधल्या लुआर नदीच्या खोऱ्यात दोन्हींचा जुना वावर. डीएनए तपासणीनुसार तर दोन्ही द्राक्षं साव्हान्यां नावाच्या एकाच जुन्या जातीची अपत्यं. नाशिकच्या सुला या वाईन कंपनीनं २००० साली पहिल्या वाईन्स बाजारात आणल्या, त्यातही याच दोघी होत्या. त्यामुळे ‘व्हाईट म्हणजे व्हाईट, कुठलीही आण’ असं सर्रास ऐकू येतं. मला ते पटत नाही.

घोळ होतो तो मुख्यतः थंडपणामुळे. बाटली थेट फ्रीजमधून ग्लासात ओतली, की वास दबतो, गोडीही दबते आणि जिभेला जाणवतो तो फक्त गार आंबटपणा. तो दोन्हींत भरपूर असतो. दोन ग्लास शेजारी ठेवून पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग दोघी आपापली ओळख सांगू लागतात.

सोव्हिन्यॉन नाकानं ओळखायची. ग्लास नुसता जवळ नेला तरी चिरलेली ढोबळी मिरची, ओलं गवत, कच्ची कैरी असा हिरवा वास येतो. हा वास पायराझिन नावाच्या संयुगांचा. द्राक्षं पिकू लागली, घडांवर ऊन पडलं की ती कमी होत जातात. म्हणून न्यूझीलंडच्या थंड मार्लबरोमधली सोव्हिन्यॉन वासाला कितीतरी तीक्ष्ण, तर नाशिकची मला बऱ्याचदा पिकल्या फळांकडे झुकलेली वाटते. काहींना ती त्यामुळे फिकी वाटते. मला मात्र तिचा तो निवांतपणा आवडतो.

शेनिनचा वास आधी फारसं काही सांगत नाही. पेरू, सफरचंद, गरम झाल्यावर थोडा मध, बस. तिची खरी ओळख जिभेवर पटते. आपल्याकडे ती बऱ्याचदा किंचित साखर शिल्लक ठेवून बनवतात. त्यामुळे पहिला घोट गोडसर लागतो आणि ‘ही आंबट नाहीच’ असं वाटतं. पण घोट गिळल्यावर जिभेच्या कडांकडे लक्ष द्या. तोंडाला पाणी सुटतं, कारण आम्ल आहेच, फक्त गोडीच्या आड आहे. या आम्लाच्या जोरावरच लुआरमधल्या वुव्रेत याच द्राक्षापासून कोरडी (‘ड्राय’, म्हणजे गोडी नसलेली), गोड आणि फसफसणारी अशी सगळ्या प्रकारची वाईन होते. दक्षिण आफ्रिकेत तर शेनिनची लागवड जगात सर्वाधिक. एवढं अष्टपैलू द्राक्ष ‘नवशिक्यांची गोड वाईन’ म्हणून बाजूला सारलं जातं, याचं वाईट वाटतं.

मात्र सगळीच शेनिन गोडसर नसते. लेबलवर ‘ड्राय’ लिहिलेलं असेल तर गोडीवर विसंबू नका, वासावर जा : हिरवा झणका नसेल तर शेनिनच असण्याची शक्यता जास्त.

जेवणाबरोबर तर फरक लख्ख दिसतो. कोथिंबीर वडी, लिंबू पिळलेली तळलेली सुरमई यांच्यासोबत सोव्हिन्यॉन. हिरव्याला हिरवं जुळतं आणि तेलकटपणा कापला जातो. तिखट रश्श्यासोबत मात्र तीच जिभेची आग वाढवते. तिथे गोडसर शेनिन घ्या, साखरेनं तिखट सौम्य होतं आणि मसाल्याची चवही कळते.