555 टायमर: इलेक्ट्रॉनिक्सची सुरुवात इथून करा

इलेक्ट्रॉनिक्स शिकायचं म्हटलं की हल्ली पहिला सल्ला मिळतो तो आर्डुइनो हा प्रोग्रॅम लिहून चालवायचा छोटा बोर्ड घेण्याचा. बोर्ड उत्तमच आहे; 2005 साली इटलीतल्या इव्ह्रेआ गावी तो विद्यार्थ्यांसाठीच तयार झाला. पण त्यावर एलईडी लुकलुकतो तेव्हा खरी घडामोड प्रोग्रॅममध्ये दडलेली असते, ती हाती लागत नाही. म्हणून मी प्रत्येक नवशिक्याला सांगतो, आधी 555 टायमर घे.

हान्स कामेनझिंड या मूळच्या स्विस अभियंत्याने 1971 मध्ये अमेरिकेतल्या सिग्नेटिक्स कंपनीसाठी ही आठ पायांची आयसी, म्हणजे एका चिपमध्ये मावलेलं सर्किट, आखली. आजही मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ ती किरकोळ पैशांत मिळते. सोबत ब्रेडबोर्ड (भाग नुसते खोचून जोडायचा छिद्रांचा बोर्ड), 9 व्होल्टची बॅटरी आणि तिची क्लिप, लाल एलईडी, 470 ओहम, 10 किलोओहम आणि 68 किलोओहमचे रेझिस्टर (विजेला अडवणारे भाग), 10 आणि 100 मायक्रोफॅरडचे कपॅसिटर (वीज साठवणारे भाग), थोड्या वायरी आणि व्होल्ट मोजायला एक साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. सोल्डरिंगची, म्हणजे धातू वितळवून भाग कायमचे जोडण्याची, घाई नको.

आयसी ब्रेडबोर्डच्या मधल्या फटीवर आडवी बसवा, नाहीतर समोरासमोरचे पाय एकमेकांना जोडले जातात. खाच वर धरली की डावीकडे वरून खाली 1 ते 4 आणि उजवीकडे खालून वर 5 ते 8 असे पाय येतात. 1 नंबर बॅटरीच्या मायनसला, 4 आणि 8 प्लसला. 2 आणि 6 एकमेकांना जोडा. 8 आणि 7 च्या मध्ये 10 किलोओहम, 7 आणि 6 च्या मध्ये 68 किलोओहम. 10 मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरचा प्लस पाय 6 ला, पट्टीकडचा पाय मायनसला. शेवटी 3 नंबरमधून 470 ओहम, पुढे एलईडीचा लांब पाय आणि आखूड पाय मायनसला. बॅटरी लावली की एलईडी साधारण सेकंदाला एकदा लुकलुकतो.

खरी मजा आता आहे. बॅटरी काढा, 10 च्या जागी 100 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवा आणि मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून त्याच्या दोन्ही पायांना लावा. बॅटरी जोडताच आकडा शून्यापासून हळूहळू चढू लागतो: एक, दोन, चार, पाच. सहाच्या आसपास पोहोचला की एलईडी विझतो आणि आकडा उतरायला लागतो. तीनपाशी आला की एलईडी पुन्हा लागतो. आयसी पुरवठ्याचा एक तृतीयांश आणि दोन तृतीयांश अशा दोन खुणांवर नजर ठेवून असते. 9 व्होल्टला त्या खुणा 3 आणि 6 वर पडतात. रेझिस्टरमधून वीज सावकाश येते म्हणून कपॅसिटर भरायला पाचेक सेकंद लागतात. पहिल्या फेरीत सुरुवात शून्यापासून असते, म्हणून तीच तेवढी लांबते. टायमरचं ‘टायमिंग’ म्हणजे एवढंच, आणि ते तुम्ही आकड्यांत पाहता.

हे कळलं की जुन्या कॉम्प्युटरचं झाकण उघडताना नजर बदललेली असते. मदरबोर्डवर प्रोसेसरभोवती उभे असलेले छोटे डबे म्हणजे कपॅसिटरच. त्यांचा माथा सपाट हवा. 2000 च्या सुमारास बनलेल्या असंख्य बोर्डांत आतल्या सदोष द्रावणामुळे (इलेक्ट्रोलाइटमुळे) हे डबे फुगले, गळले आणि मशीन अधूनमधून आपोआप बंद पडू लागली. असा फुगलेला डबा दिसला तर निदान निम्मं झालं.

पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो. घरातली 230 व्होल्टची वीज तिथे डीसी होऊन 325 व्होल्टच्या आसपास कपॅसिटरमध्ये साठते आणि प्लग काढल्यावरही राहू शकते. झटका जीवघेणा असतो.

सुरुवात सोप्या कामाने करा. तारीख-वेळ सारखी मागे जात असेल तर प्लग काढून मदरबोर्डवरचा सीआर2032 सेल बदला; हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते. कपॅसिटर बदलण्याइतका सोल्डरिंगचा हात निकामी बोर्डांवर बसवून घ्या. मग बदली कपॅसिटर घेताना मायक्रोफॅरड तेच, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, 105 अंश सेल्सिअसपर्यंत चालणारा आणि लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला) असा मागा, आणि जुना काढण्याआधी त्याची पट्टी कोणत्या बाजूला आहे याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.