पेटी लहान ठेवली म्हणून साप लहान राहत नाही

'साप पेटीच्या मापाएवढाच वाढतो, म्हणून पेटी लहानच बनवा' हा निरोप बडोद्यातल्या आपल्या मराठी ग्रुपांवर बरीच वर्षं फिरतोय. तो खरा नाही.

सापाची वाढ जात, आनुवंशिकता, खाणं आणि ऊब यांवर ठरते. गार, कोंदट पेटीत साप कमी खातो, खाल्लेलं नीट पचत नाही आणि वाढ मंदावते. पाहणाऱ्याला वाटतं, पेटीनेच थांबवलं. प्रत्यक्षात ती उपासमार असते. नीट खाणारा कॉर्न स्नेक (घरी पाळला जाणारा बिनविषारी अमेरिकन साप) लहान पेटीतही चार फुटांच्या आसपास जातोच. मग त्याला अंग ताणता येत नाही, चरबी चढते, जाळीवर घासून नाक सोलवटतं. हे पाहवत नाही.

पडताळा घरीच घ्या. दर महिन्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर झाकणाच्या डब्यात वजन करा. लांबीसाठी शेजारी पट्टी ठेवून वरून फोटो काढा. टाकलेली कात मोजू नका. सुटताना ती ताणली जाते आणि सापापेक्षा लांब भरते.

सुताराला माप पूर्ण वाढलेल्या सापाचं द्या: चार फुटी सापाला चार फूट लांब, दोन फूट रुंद पेटी. मोठ्या जागेत पिल्लू बुजतं हे खरं, पण त्यावर उपाय लपायच्या जागा वाढवणं हा आहे. एक टोक उबदार, दुसरं गार ठेवा. थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक तापमानाला हीटर बंद करणारं यंत्र, हवाच; इथल्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो.

हे फक्त परदेशी जातींपुरतं. नाग, धामण, अजगर घरी पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथनसारख्या परदेशी सापाचीही सरकारदरबारी नोंदणी लागते.