स्तनाच्या गाठीच्या अहवालातील ईआर, पीआर, हर-टू आणि की-६७

बायोप्सीचा अहवाल हाती पडल्यावर आमच्या प्रयोगशाळेच्या काउंटरवर सर्वाधिक विचारणा होते ती निदानाखालच्या या चार ओळींची. गाठीतील पेशींना विभाजनाचा संदेश कोणत्या मार्गाने मिळतो आणि त्यांपैकी किती पेशी सध्या विभाजनाच्या चक्रात आहेत, एवढेच त्या सांगतात. परंतु औषधयोजना बव्हंशी त्यांच्यावरच ठरत असल्याने रुग्णाने व नातेवाइकांनी त्या समजून घेतलेल्या बऱ्या.

निरोगी पेशी मनास येईल तेव्हा विभागत नाही. संप्रेरक किंवा वाढीस चालना देणारे प्रथिन तिच्या रिसेप्टरला, म्हणजे संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला, जोडले गेले, की संदेश आत पोहोचतो, सायक्लिन नावाची प्रथिने तयार होतात आणि त्यांच्या जोडीने काम करणारी सीडीके ही विकरे पेशीला पुढच्या टप्प्यात नेतात. वाटेत तपासणीचे थांबे असतात. डीएनएला इजा झाल्याचे आढळल्यास पी-५३ हे प्रथिन विभाजन रोखते आणि दुरुस्ती शक्य नसेल तर पेशीला स्वतःचा शेवट करावयास लावते. कर्करोगात संदेश अखंड चालू राहतो किंवा थांबे निकामी होतात, आणि पुष्कळदा दोन्ही घडते. या नियंत्रणाचा उलगडा केल्याबद्दल लीलंड हार्टवेल, टिम हंट आणि पॉल नर्स यांना २००१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सीडीके-४ व ६ यांना रोखणारे पाल्बोसिक्लिब हे औषध त्याच ज्ञानातून आलेले आहे.

ईआर आणि पीआर हे अनुक्रमे इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन यांचे रिसेप्टर होत. गाठीतील १ टक्का किंवा त्याहून अधिक पेशींची केंद्रके तपासणीच्या रंगाने रंगली, तर निष्कर्ष पॉझिटिव्ह दिला जातो. ईआर १ ते १० टक्के असल्यास तशी वेगळी नोंद आम्ही करतो. येथे पॉझिटिव्ह येणे बहुधा दिलाशाचेच असते, कारण इस्ट्रोजेनचा संदेश अडवणाऱ्या टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्यांचा मार्ग त्यामुळे मोकळा होतो.

हर-टू हा पेशीच्या आवरणावरचा रिसेप्टर आहे. त्याच्या जनुकाच्या प्रती वाढल्या, की आवरणावर त्याची गर्दी होते आणि विभाजनाचा संदेश थांबेनासा होतो. रंग किती उमटला यावरून स्लाइडला ० ते ३+ असा गुण दिला जातो. ३+ असलेल्या स्लाइडवर प्रत्येक पेशीभोवती गडद तपकिरी, अखंड कडे उमटते व शेजारची कडी जुळून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. अशी स्लाइड पाहताना शंकेला जागा राहत नाही. २+ मध्ये मात्र ती राहतेच, म्हणून जनुकाच्या प्रती मोजणारी फिश तपासणी करावी लागते. ती आम्ही खर्च वाढवण्यासाठी सुचवत नाही. तिच्याशिवाय हर-टूला रोखणारे ट्रास्टुझुमॅब हे औषध द्यावे की नाही, हे ठरवता येत नाही.

की-६७ हे प्रथिन विभाजनाच्या चक्रातील पेशींत आढळते, विश्रांत पेशींत नाही. अहवालात अशा पेशींची टक्केवारी दिलेली असते आणि रुग्ण सर्वांत जास्त धास्ती घेतात ती याच आकड्याची. ईआर पॉझिटिव्ह व हर-टू निगेटिव्ह अशा सुरुवातीच्या टप्प्यातील गाठींत ५ टक्के किंवा त्याहून कमी आणि ३० टक्के किंवा त्याहून अधिक हे आकडे भरवशाचे मानले जातात. मधल्या पट्ट्यात दोन प्रयोगशाळांची मोजणी सहज वेगळी येऊ शकते, त्यामुळे १८ आणि २२ यांतील फरकावरून झोप उडवून घेऊ नये.

या सर्व निष्कर्षांचा भरवसा नमुन्याच्या हाताळणीवर असतो. काढलेला तुकडा तासाभराच्या आत, त्याच्या आकारमानाच्या सुमारे दहापट १० टक्के बफर्ड फॉर्मलिन या टिकवण द्रावणामध्ये बुडायला हवा आणि त्यात किमान ६ व जास्तीत जास्त ७२ तास राहायला हवा. नुसत्या सलाईनमध्ये किंवा अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबून आणलेल्या नमुन्यात ईआर खोटा निगेटिव्ह येण्याचा धोका असतो. मोठी गाठ अखंड ठेवल्यास फॉर्मलिन आतपर्यंत वेळेत पोहोचत नाही, म्हणून ती छेद देऊनच ठेवली जावी, असे शस्त्रक्रियेपूर्वीच रुग्णालयात सांगून ठेवावे.

दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावयाचे असल्यास अहवालासोबत स्लाइड व गाठीचा तुकडा बसवलेले मेणाचे ब्लॉक आमच्याकडून मागून न्यावेत. प्रवासात ब्लॉक उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ठेवू नयेत. मेण मऊ होऊन तुकडा खराब होऊ शकतो.