शास्त्रज्ञ येतो, प्रयोगशाळेचं काय?

नील कोपलँड आणि नॅन्सी जेन्किन्स हे संशोधक जोडपं २००६ मध्ये अमेरिकेतली राष्ट्रीय कर्करोग संस्था सोडून सिंगापूरला गेलं. उंदरांच्या जनुकांतून कर्करोगाची मुळं शोधणाऱ्यांत ही दोन नावं अगदी वरची. त्यांना बोलावणाऱ्या सिंगापूरने २००३ मध्ये ‘बायोपोलिस’ नावाचं जैववैद्यकीय संशोधनाचं संकुलच उभारलं होतं. त्यामागे होते तिथल्या सरकारी विज्ञान-संशोधन संस्थेचे प्रमुख फिलिप यो. बाहेरून आणायच्या नामवंतांना ते ‘देवमासे’ म्हणत आणि परदेशात पीएचडीला धाडलेल्या सिंगापुरी मुलांना ‘छोटे मासे’. मुलं शिकून परततील, तेव्हा त्यांना घडवायला मोठी माणसं हजर हवीत, हा हिशेब. मला तो पटतो. निव्वळ नाव विकत घेण्यापेक्षा तो कितीतरी दूरदृष्टीचा होता.

पण जीवशास्त्रज्ञाला दुसऱ्या देशात आणणं म्हणजे नुसतं विमानाचं तिकीट नव्हे. गणितज्ञ वही घेऊन येऊ शकतो, उंदरांवर काम करणाऱ्याचं तसं नसतं. विशिष्ट जनुक बदललेला उंदरांचा एकेक वंश तयार व्हायला वर्ष-दोन वर्षं सहज जातात. जिवंत उंदीर थेट नेले तर त्यांच्यासोबत रोगजंतू येण्याची आणि नव्या ठिकाणची सगळी प्राणिशाळा बाधित होण्याची भीती. म्हणून अनेकदा त्यांचे भ्रूण द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत गोठवून पाठवतात. तिथे ते निरोगी माद्यांच्या गर्भाशयात रुजवले जातात आणि जन्मलेली पिल्लं तपासून मगच पुढची पैदास सुरू होते. भरीला प्राण्यांवरील प्रयोगांसाठी नव्या परवानग्या आणि नव्या हातांचं प्रशिक्षण. रुग्णांच्या ज्या गटावर वर्षानुवर्षं अभ्यास चालू असतो, तो गट तर हलवताच येत नाही. त्यामुळे अशा संशोधकाला तीन वर्षांचा निधी देणं म्हणजे घडी बसता बसता मुदत संपवणं.

जर्मनीची हुम्बोल्ट प्राध्यापकी मात्र पाच वर्षांची आहे. परदेशात काम करणाऱ्या प्रस्थापित संशोधकासाठी ती आहे आणि प्रयोगशील विषयांना त्यात ५० लाख युरोंपर्यंत रक्कम मिळते. स्वीडनमधून जर्मनीत आलेल्या इमॅन्युएल शार्पाँतिए यांना ती २०१४ मध्ये मिळाली. २०२० च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. मात्र ज्या क्रिस्पर (जनुकं हवी तिथे कापून बदलण्याचं तंत्र) संशोधनासाठी तो मिळाला, त्याचा पाया व्हिएन्ना आणि स्वीडनमधल्या उमिओमध्ये आधीच घातला गेला होता. प्रस्थापितांसाठी पैसा मोजणाऱ्याने हे ओळखायला हवं: आधीचा शोध दुसऱ्याच्या दारात लागलेला असतो, आपल्याला मिळते ती पुढची वर्षं आणि त्या व्यक्तीभोवती तयार होणारी तरुण माणसं.

ती वर्षं टिकतात कशावर? सिंगापूरने २०१० च्या सुमारास धोरण बदललं. निधीचा मोठा हिस्सा उद्योगांना उपयोग दाखवून, स्पर्धेतून मिळवावा असं ठरलं. मूलभूत संशोधनासाठी आलेल्यांना हा धक्का होता. २०११ मध्ये कोपलँड आणि जेन्किन्स अमेरिकेतल्या ह्यूस्टनला गेले. सिंगापूरच्या जीनोम संस्थेचा दहा वर्षं कारभार पाहिलेले एडिसन लिऊ हेही अमेरिकेत परतले. सरकारला आपल्या पैशाचा उपयोग मागायचा हक्क आहेच. पण एका बोलीवर बोलावलेल्या माणसाला मधेच दुसरी अट घालणं मला चुकीचं वाटतं.

ह्यूस्टनमध्ये या जोडप्यासाठी पैसा उभा राहिला तो टेक्सास राज्याच्या कर्करोग निधीतून. २००७ मध्ये मतदारांनी कौल देऊन त्यासाठी ३ अब्ज डॉलरचे रोखे मंजूर केले होते. नामवंत संशोधक बाहेरून आणण्यासाठी त्यात स्वतंत्र अनुदान आहे. शरीराच्या प्रतिकारशक्तीने कर्करोगाशी लढण्याच्या उपचारांचे संशोधक जेम्स अ‍ॅलिसन २०१२ मध्ये न्यूयॉर्कहून ह्यूस्टनला याच निधीच्या बळावर आले.

भारतात जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टने २००८ मध्ये ‘इंडिया अलायन्स’ सुरू केलं. त्याच्या फेलोशिपला राष्ट्रीयत्वाची अट नाही, काम मात्र भारतात करायचं. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतही हे फेलो आहेत. त्यांच्यासारख्यांना बोलावताना पहिला प्रश्न रकमेचा नसावा. प्राणिशाळा तयार आहे का, आणि चौथ्या वर्षाचा हप्ता वेळेवर येईल का, हे आधी विचारावं.