बेल्ट अडवणारा की झेलणारा? बूम लिफ्टच्या बास्केटमधला नेहमीचा घोळ

"बेल्ट लावलाय, हुक अडकवलाय, अजून काय पाहिजे?" साइटवर हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आता उत्तर द्यायच्या आधी लॅनयार्ड, म्हणजे बेल्टपासून हुकापर्यंतचा दोर, हातात धरून मोजतोच. बहुतेक वेळा तो १.८ मीटरचा निघतो, शॉक अ‍ॅब्झॉर्बरचं पाकीट लावलेला, परांचीवरून उचलून थेट बूम लिफ्टच्या, म्हणजे लांब पोलादी हाताने माणसं वर नेणाऱ्या मशीनच्या, बास्केटमध्ये आणलेला. कामगाराने त्याला सांगितलं ते केलंय, सेफ्टी ऑफिसरने यादीत टिक मारलीय, आणि तरीही तो लॅनयार्ड त्या जागेचा नाही.

फॉल अरेस्ट आणि फॉल रिस्ट्रेंट ही दोन वेगळी कामं आहेत. हार्नेस (अंगभर बांधायचा पट्ट्यांचा बेल्ट) तोच, हुक तसाच, लांबून बघणाऱ्याला दोन्ही माणसं सारखीच दिसतात. म्हणूनच घोळ होतो. शिकवताना मी पहिल्याला 'झेलणारा' म्हणतो आणि दुसऱ्याला 'अडवणारा', कारण इंग्रजी नावं चहाच्या सुट्टीपर्यंतही डोक्यात राहत नाहीत.

झेलणारा तुम्हाला माहीत आहे. माणूस पडतो, दोर ताठ होतो, अ‍ॅब्झॉर्बरचे टाके उसवत झटका स्वतःवर घेतात, माणूस लटकतो. परांची, छप्पर, स्टीलची उभारणी, सगळीकडे हाच. त्याच्याबद्दल इथे एकच गोष्ट सांगतो: झेलायला खाली जागा लागते. हुक हार्नेसच्या पाठीवरच्या कडीच्या उंचीला अडकवलाय असं धरा. दोर १.८ मीटर, अ‍ॅब्झॉर्बर उसवून सुमारे १.१ मीटर, कडीपासून तळपायापर्यंत दीड मीटर, हार्नेसचा ताण आणि थोडी राखीव जागा मिळून आणखी मीटरभर. बेरीज साडेपाच मीटरच्या घरात जाते. अँकरखाली, म्हणजे हुक अडकवलेल्या जागेखाली, तेवढी मोकळी हवा नसेल तर बेल्ट आपलं काम संपवायच्या आधी जमीन येते, नाहीतर वाटेतला पाइप येतो.

अडवणारा पडूच देत नाही. त्याची सगळी करामत लांबीत आहे. शेजारच्या पिकात तोंड जाऊ नये म्हणून बैलाचं दावं आखूड बांधतात, तसंच हे. दोर एवढा आखूड, की तुम्ही कडेच्या पलीकडे जाऊच शकत नाही. अ‍ॅब्झॉर्बर उसवण्याची, लटकण्याची, सोडवून आणण्याची वेळच येत नाही.

इथवर सगळे मान डोलावतात. अडतं ते पुढे, कारण बूम लिफ्टमधून माणूस पडतो कसा याचं चित्रच मनात चुकीचं असतं. लोकांना वाटतं तोल गेला, हात सुटला, खाली गेला. साधारण १.१ मीटर उंचीचा कठडा चारी बाजूंनी असताना, पाय तळावर ठेवून काम करणारा माणूस असा सहसा पडत नाही. तो फेकला जातो.

थोडा हिशेब करू. दोन चाकांमधलं अंतर २ मीटर आहे आणि एका बाजूचं चाक १० सेंटीमीटर खोल खड्ड्यात उतरलं. बास्केट २० मीटर उंचीवर असेल तर वर ती एक मीटर आडवी सरकते. बूम बाजूला १५ मीटर बाहेर काढलेला असेल तर बास्केट पाऊण मीटर खाली आपटते. ही झाली नुसती भूमिती. लांब पोलादी हात लवचीक असतो, त्यामुळे बास्केट तिथे थांबत नाही, उसळून परत येते. आधी पायाखालून तळ निघून जातो आणि मग तोच तळ खालून वर आदळतो. आतला माणूस गोफणीतल्या दगडासारखा सुटतो. खड्डाच हवा असंही नाही. बास्केटची कड बीमखाली अडकली, ऑपरेटरने लिव्हर दाबतच ठेवला, बूममध्ये ताण साठत गेला आणि कड अचानक सुटली, तरी हेच होतं. खालून जाणाऱ्या ट्रकने मशीनला धक्का दिला तरी हेच.

आता त्या क्षणी अंगावर १.८ मीटरचा झेलणारा लॅनयार्ड असेल तर काय होईल? माणूस कठड्यावरून बाहेर जाईल. लॅनयार्ड कठड्याच्या कडेवर घासत ताठ होईल. माणूस झोका घेत बूमवर किंवा समोरच्या भिंतीवर आदळेल. त्याला थांबवण्याचा झटका त्याच डगमगणाऱ्या मशीनला बसेल. शेवटी तो बास्केटच्या खाली लटकत असेल आणि लिव्हर वर, रिकाम्या बास्केटमध्ये असतील. हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाची तब्येत काही मिनिटांत बिघडू शकते. खाली कोणाला ग्राउंड कंट्रोल, म्हणजे जमिनीवरून बास्केट उतरवायचे लिव्हर, चालवता येत नसतील तर त्या लटकण्याला शेवट नाही. आखूड दोराचा माणूस त्याच झटक्यात गुडघे फोडून घेईल, बरगडी ठेचून घेईल, पण बास्केटमध्ये राहील. मी हिरवा-निळा गुडघा निवडेन.

अँकर बनवणाऱ्यांनीही हाच फरक धरलेला असतो. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेच्या नियमांत झेलण्यासाठीचा अँकर माणशी २२.२ किलोन्यूटन सोसणारा हवा, नाहीतर पात्र (क्वालिफाइड) माणसाच्या देखरेखीखाली दुपटीची सुरक्षितता ठेवून तो डिझाइन केलेला हवा. अशा लिफ्टसाठीच्या युरोपीय मानकात रिस्ट्रेंटच्या अँकरला ३ किलोन्यूटनची अट आहे. तीनशे किलोच्या आसपास. माणसाला आत धरून ठेवायला पुरेसं, हवेतून कोसळणाऱ्याला झेलायला नाही. म्हणून अँकरजवळचा स्टिकर वाचा: किती माणसं, आणि कशासाठी. तिथे 'फक्त रिस्ट्रेंट' लिहिलेलं असेल तर त्याला झेलणारा लॅनयार्ड लावून 'बेल्ट आहे' म्हणणं ही स्वतःचीच फसवणूक आहे. कठड्याच्या पाइपला हुक लावणाऱ्यांबद्दल तर मी बोलतच नाही.

फरक किती जुना आणि किती मुद्दाम केलेला आहे हे बघायचं असेल तर ओशाचीच एक टीप आहे. १ जानेवारी १९९८ पासून कमरेचा पट्टा झेलण्याच्या व्यवस्थेत चालत नाही, कारण पडणाऱ्या माणसाला कमरेत झटका बसला तर आतले अवयव जातात. पण त्याच टिपेत लिहिलंय, की अडवण्याच्या व्यवस्थेत तो चालतो. मी स्वतः कोणाला कमरेचा पट्टा देत नाही, पूर्ण हार्नेसच देतो. मुद्दा एवढाच, की नियम लिहिणाऱ्यांच्या डोक्यात ही दोन कामं वेगळी होती.

माझा सगळ्यात मोठा राग मागे-पुढे सरकणाऱ्या रीळवाल्या लॅनयार्डवर आहे. तो झटक्याने ओढला की लॉक होतो, म्हणून लोकांना वाटतं की हाच सगळ्यात भारी. पण हळू ओढला की तो निमूट दोर सोडत जातो. त्याला अडकवून माणूस सावकाश मधल्या रेलिंगवर चढू शकतो, वरच्या रेलिंगवर बसू शकतो, आणि दोर एकदाही 'नाही' म्हणत नाही. शिवाय डोक्यावरच्या अँकरसाठी बनवलेला रीळ बास्केटच्या तळाजवळच्या अँकरला लावला तर त्याचा हिशेबच बदलतो. उत्पादकाने तशा वापराला परवानगी दिलेली असेल तर गोष्ट वेगळी. तरी माझी पसंती लांबी पकडून ठेवणाऱ्या साध्या, अ‍ॅडजस्ट होणाऱ्या दोरालाच.

बाहेरच्या बीमला किंवा पाइपला हुक लावणं ही दुसरी सवय. झेलणाऱ्याची शिकवण डोक्यात पक्की बसलेली असते: मजबूत लोखंड शोध, वर अडकव. परांचीवर ते बरोबर. बास्केटमध्ये मात्र मशीन हललं तर तुम्ही इमारतीला बांधलेले आणि पाय मशीनवर. ओशा शेजारच्या ढाच्याला असं बांधून घ्यायला सरळ बंदी घालते. उंचीवर बास्केटमधून बाहेर उतरायचंच असेल तर ते वेगळं काम आहे, त्याला उत्पादकाची परवानगी, लेखी योजना आणि दोन लॅनयार्ड लागतात.

सिझर लिफ्टचं, म्हणजे कात्रीसारख्या दांड्यांवर सरळ वर जाणाऱ्या लिफ्टचं, काय? थोडक्यात. तिचा प्लॅटफॉर्म कायम चाकांच्या आतच वरखाली जातो, त्यामुळे गोफणीचा प्रकार तिथे जवळपास नाही, आणि मुख्य बचाव कठडाच. ओशा तिला चाकांवरची परांचीच मानते. बेल्ट लागेल की नाही हे मॅन्युअल आणि कामाची योजना ठरवते. लावायला सांगितलाच तर तोही अडवणारा. सिझरवर लोक पडतात ते बेल्ट नाही म्हणून कमी, आणि रेलिंगवर चढले किंवा गेट उघडं ठेवलं म्हणून जास्त, असा माझा अनुभव. त्यावर बेल्ट हे उत्तर नाही, आणखी उंच मशीन हे उत्तर आहे.

"मशीनच उलटलं तर? बेल्टमुळे त्याच्यासोबत जाईन, त्यापेक्षा उडी मारेन." प्रत्येक बॅचमध्ये हा एकजण असतोच. बूम उलटताना उडी मारायला वेळ मिळतो असं समजणाऱ्याने वरचा खड्ड्याचा हिशेब परत वाचावा. खरा अपवाद आहे पाण्यावरच्या कामाचा: मशीन पाण्यात जाण्याचा धोका असेल तर बांधलेला माणूस बुडू शकतो. तिथे लाइफ जॅकेट की हार्नेस हे आधी बसून ठरवावं लागतं, सवयीने नाही.

ट्रेनिंगमध्ये मी स्लाइड दहा मिनिटांत उरकतो आणि बास्केट जमिनीवर ठेवून प्रत्येकाला आत उभा करतो. हुक अँकरला, लॅनयार्ड कामाला हात पोहोचेल एवढाच, त्याहून बोटभरही लांब नाही. मग सांगतो, आता मधल्या रेलिंगवर पाय ठेवून वर चढून दाखव. चढता आलं तर दोर लांब आहे. ओणवं होऊन कमरेवरचं अर्धं अंग बाहेर गेलं तरी दोर लांब आहे. आखूड करा, परत चढा. पहिल्या खेपेला बहुतेक सगळे चढतात आणि हसतात.

आणि बास्केटमध्ये माणूस बदलला की हे पुन्हा करायचं. सकाळी उंच वेल्डरसाठी लावलेली लांबी दुपारी बुटक्या पेंटरला चालत नाही. कडी खाली आली, की तोच दोर सैल झालेला असतो.