नक्षत्रांवरून लागवड (सोलापूर)

सूर्य ज्या नक्षत्रात असेल त्यावरून पेरणीची आणि लागवडीची वेळ ठरवण्याची पद्धत. थंड देशांत बागेत दव गोठण्याची शेवटची तारीख टळली की रोपे बाहेर लावतात. अमेरिकेत तर हिवाळ्यातल्या नीचांकी तापमानावरून देशाचे १३ पट्टे आखले आहेत. सोलापुरात रोप थंडीने मरत नाही, मरते ते पाण्यावाचून आणि वैशाखातल्या उन्हाने. म्हणून इथले वेळापत्रक पावसाचे.

सूर्य एका नक्षत्रात १३-१४ दिवस असतो. ही गणना सूर्यावरची, चंद्रावरची नाही, त्यामुळे सणांच्या तिथींसारखी ही नक्षत्रे मागेपुढे होत नाहीत: मृग ७-८ जूनला, हस्त २७ सप्टेंबरच्या सुमारास, स्वाती २४ ऑक्टोबरच्या आसपास. जिल्हा अवर्षणप्रवण, मृगाचा पाऊस हुलकावणी देतो, खरी भिस्त उत्तरा-हस्तावर. भारी काळ्या जमिनीत मुरलेल्या या ओलीवरच रब्बी ज्वारी पोसते. तिची पेरणी साधारण १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी याच हंगामाची. ‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’ ही म्हण इथे अगदी मनापासून म्हटली जाते.

नक्षत्र लागले म्हणून कोणी लगेच पाभर (पेरणीचे अवजार) धरत नाही, वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, लागतो. मूठभर माती दाबायची. बोटांना चिकटली तर थांबायचे. गोळा झाला आणि हलक्या धक्क्याने फुटला तर पेरायचे. नक्षत्रापेक्षा ही मूठ मोलाची, आणि नव्याने बाग करणाऱ्याने आधी हीच शिकावी.

परसात दोडका, कारली, भोपळा, घेवडा यांच्या बिया मृग-आर्द्राच्या पावसावर आळ्यात टोचतात. मेथी, कोथिंबीर, पालक, लसूण हस्त-चित्रात. कोथिंबीर उन्हाळ्यात टाकली तर उगवण विरळ होते आणि हाती येण्याआधीच ती फुलावर जाते. टोमॅटोची फुलेही कडक उन्हात गळतात, म्हणून रोपे दिवाळीपर्यंत लागलेली बरी.

डाळिंबाच्या बहारांनाही (फुलोऱ्याच्या हंगामांनाही) नक्षत्रांचीच नावे आहेत: जून-जुलैचा मृग बहार, सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त बहार. जानेवारी-फेब्रुवारीतला तिसरा, आंबे बहार, मात्र आंब्याच्या मोहोरावरून ओळखला जातो. बहार धरण्याआधी बागेचे पाणी तोडून ताण देतात. पाने पिवळी पडून गळू लागली की छाटणी, खत आणि मग हलके पहिले पाणी.