नरक्याच्या खोडातील अल्कलॉइड

पावसाळ्यात महाबळेश्वरच्या किंवा बामणोलीकडच्या रानातून जाताना नाकात सडका भपकारा शिरला, तर जवळच नरक्या फुलला आहे असे समजावे. सातारा जिल्ह्यातील कोयनेच्या खोऱ्यापासून सांगलीच्या शिराळा तालुक्यातील चांदोलीपर्यंतच्या रानांत वाढणाऱ्या या लहानशा झाडात कॅम्प्टोथेसिन हे अल्कलॉइड (वनस्पतीत बनणारे नायट्रोजनयुक्त द्रव्य) असते आणि त्यापासून कर्करोगावरची औषधे तयार होतात.

हे द्रव्य प्रथम एका चिनी वृक्षातून वेगळे करण्यात आले. 1966 साली मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी अमेरिकेत ते काम प्रसिद्ध केले. वाणी हे आपल्या नंदुरबारचे, हे इथे आवर्जून सांगावेसे वाटते. पुढे 1972 मध्ये नरक्यातही तेच द्रव्य असल्याचे भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी दाखवून दिले.

पेशीविभाजनापूर्वी डीएनएची नक्कल होताना त्याला चऱ्हाटासारखा पीळ पडतो. टोपोआयसोमरेज-1 हे विकर (एन्झाइम) एक धागा कापते, पीळ सैल करते आणि धागा पुन्हा सांधते. कॅम्प्टोथेसिन नेमके कापलेल्या जागी अडकून बसते, सांधणे थांबते आणि सतत विभागणारी कर्कपेशी मरते. ही क्रिया 1985 मध्ये उलगडली. त्याआधी, 1970 च्या सुमारास, पाण्यात न विरघळणाऱ्या या द्रव्याचा सोडियम क्षार करून तो रुग्णांना देण्यात आला होता. क्षार करताना रेणूतील लॅक्टोन नावाचे अणूंचे कडे उघडते आणि परिणाम ओसरतो. मात्र आम्लधर्मी मूत्रात तेच कडे पुन्हा मिटत असल्याने मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला आणि त्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. रेणूत योग्य बदल करून घडवलेल्या टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन या औषधांना अमेरिकेत 1996 मध्ये मान्यता मिळाली.

झाड हा रेणू कसा घडवते, ते मला त्याच्या औषधी गुणाइतकेच विलक्षण वाटते. एकीकडे ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लातून कार्बन डायऑक्साइड निघून ट्रिप्टामिन तयार होते. दुसरीकडे, गुलाबाच्या सुगंधातही असणाऱ्या जेरॅनिऑलपासून अनेक टप्प्यांनी सेकोलोगॅनिन बनते. या दोहोंना एक विकर जोडते आणि स्ट्रिक्टोसिडीन तयार होते. सदाफुलीतील व्हिन्क्रिस्टीन, सर्पगंधेतील रेसर्पीन आणि सिंकोन्यातील क्विनीन यांच्याही वाटा याच रेणूपासून फुटतात. कॅम्प्टोथेसिनच्या वाटेवर पुढे पाच अणूंचे कडे सहाचे होते, शेजारचे सहाचे पाचाचे होते आणि रेणूचा इंडोल नावाचा सांगाडा क्विनोलिन नावाचा सांगाडा बनतो. पेशीला मारणारे विष पेशीतच साठवायचे, तर स्वतःचा बचावही हवा. म्हणून हे द्रव्य बनवणाऱ्या काही वनस्पतींच्या टोपोआयसोमरेजमध्ये एक अमिनो आम्ल बदललेले असते आणि त्यामुळे हे विष त्यांच्या विकराला बाधत नाही.

नरक्यात या द्रव्याचे प्रमाण सुक्या वजनाच्या एक टक्क्याहूनही बरेच कमी असल्याने थोड्याशा औषधासाठी पुष्कळ लाकूड लागते. पानांपेक्षा मुळांत आणि खोडात ते जास्त असते, म्हणून चोरटी तोड करणारे झाड मुळासकट खणून नेतात. बुंधा शाबूत राहिला तर त्याला पुन्हा धुमारे फुटू शकतात. मुळेच गेली की ती आशाही उरत नाही. त्यामुळे लाकडाची गरज रानातून न भागवता बियांपासून रोपे करून, ती शेताच्या बांधावर वाढवून भागवावी, असे माझे ठाम मत आहे.